कॅनडा द्विभाषिक देश आहे, तर अर्जदाराला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही याव्याच लागतात का?

अंत्रुजकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहतो आणि वेर्णा येथील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात नोकरी करतो. वय ३३, शिक्षण रसायनशास्त्रात एम.एस्सी. पत्नी ३० वर्षांची आहे, तिने बी.एस्सी. नर्सिंग केले असून ती एका खासगी इस्पितळात परिचारिका आहे. आम्हा दोघांचाही नोकरीतील अनुभव तीन वर्षांहून अधिक आहे. मुलगा यंदा पहिलीत जाईल. कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी, म्हणजे पी.आर.साठी, एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीतून फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल नोकरदारांच्या गटात अर्ज करावा असे आम्ही ठरविले आहे.

घोडे अडले आहे ते भाषेच्या अटीपाशी. मडगावातील एका सल्लागाराने असे ठासून सांगितले की कॅनडा द्विभाषिक देश असल्यामुळे आता इंग्रजीबरोबर फ्रेंचही सक्तीची झाली आहे, आणि म्हणून फ्रेंचचा वर्ग, परीक्षेची नोंदणी व अर्ज असे त्यांचे एकत्रित पॅकेज घेण्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्या एका परिचितांचे म्हणणे नेमके उलट आहे. आमचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा विद्यापीठाचा दाखला जोडला की इंग्रजीच्या परीक्षेचीसुद्धा गरज नाही, असे ते म्हणतात. पत्नीचा चुलतभाऊ मॉन्ट्रियलला असतो. त्याचा सल्ला असा की सरळ तिकडे या, भाषा काय, चार महिन्यांत कानावर पडून येते.

मी आयईएलटीएस जनरल ही इंग्रजीची परीक्षा दिली आहे. श्रवण ८, वाचन ७.५, लेखन ६.५ आणि संभाषण ७ असे गुण आहेत. पत्नीने अद्याप कोणतीही परीक्षा दिलेली नाही, मात्र अकरावी-बारावीला तिने फ्रेंच विषय घेतला होता. तिचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यामुळे ती भाषाही लहानपणी तिच्या कानावरून गेलेली आहे. तिचा इथे काही उपयोग होतो की नाही, हे मला ठाऊक नाही.

फ्रेंच खरोखरच सक्तीची आहे का, नसल्यास ती शिकण्यात वेळ घालवावा का, आणि आमच्यापैकी कोणी शिकावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलाच्या शाळेचे काय होते, हेही कोणाला माहीत असल्यास लिहावे.


मांडवीकाठ यांचे उत्तर

अंत्रुजकर बाब, त्या सल्लागाराने अर्धे वाक्य खरे सांगितले आहे, आणि अशा लोकांचा धंदा त्या अर्ध्या वाक्यावरच चालतो. कॅनडा द्विभाषिक आहे हे खरे. परंतु हे बंधन तिथल्या केंद्र सरकारवर आहे, नागरिकावर नाही आणि बाहेरून येणाऱ्यावर तर नाहीच. १९६९ च्या राजभाषा कायद्याने आणि पुढे १९८२ च्या हक्कांच्या सनदेने इंग्रजी व फ्रेंच यांना समान दर्जा दिला, याचा अर्थ असा की केंद्र सरकारच्या कार्यालयाने, न्यायालयाने आणि संसदेने दोन्ही भाषांत काम केले पाहिजे, जेणेकरून सामान्य माणसाला आपल्या एकाच भाषेत निभावून नेता यावे. २०२१ च्या जनगणनेनुसार दोन्ही भाषांत संभाषण करू शकणारे लोक देशात सुमारे १८ टक्केच आहेत, आणि फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांत वगळला तर ते प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली जाते. जी अट तिथे जन्मलेल्या पाचांपैकी चार माणसांना पुरी करता येणार नाही, ती तुमच्यावर कोण घालील?

आपल्याकडच्या सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ‘कोंकणीचे ज्ञान अत्यावश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट’ असे छापलेले असते, ते तुम्ही वाचले असेलच. कॅनडाच्या नियमाचा साचा जवळपास तसाच आहे, फरक इतकाच की दोहोंपैकी अत्यावश्यक कोणती आणि इष्ट कोणती, हे तिथे अर्जदार स्वतः ठरवितो. फेडरल स्किल्ड वर्कर गटात एका भाषेत, मग ती इंग्रजी असो वा फ्रेंच, श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या चारही अंगांत सातवी पातळी लागते. इंग्रजीसाठी या मोजपट्टीला सी.एल.बी. म्हणतात आणि फ्रेंचसाठी एन.सी.एल.सी. आयईएलटीएस जनरलमध्ये प्रत्येक अंगात ६ गुण मिळाले की सातवी पातळी होते. म्हणजे पात्रतेपुरते पाहिले तर तुम्ही आजच पात्र आहात, आणि फ्रेंचचे एक अक्षर न शिकता अर्ज करू शकता.

आता दुसऱ्या परिचितांविषयी. शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला एक्स्प्रेस एन्ट्रीत चालत नाही. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालासुद्धा परीक्षा द्यावी लागते, तेथे गोवा विद्यापीठाच्या दाखल्याची काय कथा? इंग्रजीसाठी आयईएलटीएस जनरल, सेल्पिप जनरल आणि पीटीई कोअर या परीक्षा मान्य आहेत. फ्रेंचसाठी टेफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा. यात एक खड्डा असा की आयईएलटीएसची अ‍ॅकॅडेमिक परीक्षा, जी आपली मुले शिक्षणाच्या व्हिसासाठी देतात, ती इथे धरत नाहीत. तुम्ही जनरल दिलीत, ते योग्यच केलेत. पत्नीलाही तीच द्यायला सांगा.

मॉन्ट्रियलचा सल्ला मात्र मनावर घेऊ नका, निदान या अर्जासाठी तरी. मॉन्ट्रियल क्वेबेक प्रांतात आहे आणि क्वेबेक आपले स्थलांतरित स्वतः निवडतो. एक्स्प्रेस एन्ट्रीत तुम्हाला क्वेबेकच्या बाहेर राहण्याचा इरादा आहे असे नमूद करावे लागते, आणि तसे लिहून मनात मॉन्ट्रियल धरणे म्हणजे अर्जात खोटे सांगणे होय. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे अर्ज करता येत नाही. ज्यांना खरोखर क्वेबेकला जायचे आहे त्यांची वाट वेगळी आहे आणि तिथे फ्रेंच हा मुख्य दरवाजाच आहे. १९७७ पासून त्या प्रांतात फ्रेंचच्या सनदेचा अंमल आहे, २०२२ च्या कायद्याने तो आणखी कडक झाला, आणि नव्याने आलेल्यांशी सहा महिन्यांनंतर प्रांतिक सरकारने, थोडे अपवाद सोडून, फ्रेंचमध्येच व्यवहार करावा अशी तरतूद आहे. तुमच्यासारख्यांचा मुलगा तिथे सरकारी शाळेत घातला तर तो फ्रेंच माध्यमातच जाईल.


हिवाळ्यातला गोंयकार यांचे उत्तर

मी सध्या न्यू ब्रन्सविकमधील मॉन्क्टनला राहतो, मूळचा डिचोलीचा. मांडवीकाठ यांनी पात्रतेविषयी लिहिले ते सगळे बरोबर आहे, परंतु पात्र असणे आणि बोलावणे येणे यांत मोठे अंतर आहे, आणि भाषेचा खरा हिशेब त्या अंतरात आहे. पात्र उमेदवार एका यादीत जातात, प्रत्येकाला सी.आर.एस. या क्रमवारी लावणाऱ्या पद्धतीने गुण मिळतात आणि ठराविक काळाने होणाऱ्या ड्रॉमध्ये, म्हणजे निवडीच्या फेरीत, वरच्यांना बोलावणे येते. मी तुमचे आकडे मांडून पाहिले. तुमच्या पदवीचे मूल्यमापन, म्हणजे कॅनडाच्या पदवीशी तुलना, मास्टर्स म्हणूनच होईल, पत्नीच्या पदवीचेही मूल्यमापन तुम्ही करून घ्याल आणि दोघे मिळून अर्ज कराल असे धरले आहे.

तुम्ही मुख्य अर्जदार असाल तर वयाचे ८०, शिक्षणाचे १२६, पत्नीच्या पदवीचे ८ आणि इंग्रजीचे १०९ गुण होतात. याशिवाय शिक्षण व भाषा, तसेच परदेशातील अनुभव व भाषा, अशा दोन जोड्यांचे गुण असतात. ते तुम्हाला सध्या प्रत्येकी २५ प्रमाणे ५० मिळतील. बेरीज ३७३. आता लेखनात ६.५ च्या जागी ७ आले तर काय होते ते पाहा. लेखन नवव्या पातळीवर जाते आणि थेट गुण फक्त ७ ने वाढतात, पण चारही अंगे नवव्या पातळीवर पोहोचल्यामुळे त्या दोन्ही जोड्यांचे गुण दुप्पट होऊन १०० होतात. म्हणजे त्या अर्ध्या बँडपायी तुम्ही ५७ गुण गमावून बसला आहात. बेरीज ४३० वर जाते. पत्नीनेही इंग्रजीत नववी पातळी गाठली तर आणखी २० मिळून ४५०.

हे ४५० पुरेसे आहेत का? दुर्दैवाने नाहीत. २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांतील सर्वसाधारण ड्रॉ ५२० च्या वर राहिले, आणि त्यानंतर भर राहिला तो कॅनडात आधीपासून काम करणाऱ्यांवर, प्रांतांनी निवडलेल्यांवर आणि विशिष्ट गटांवर. नोकरीच्या प्रस्तावाला पूर्वी गुण मिळत, तेही २०२५ च्या मार्चपासून बंद झाले आहेत. तेव्हा कोणी ‘जॉब ऑफर लावून देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

यासाठी फ्रेंच. २०२३ पासून गटवार निवड सुरू झाली आणि त्यात फ्रेंच जाणणाऱ्यांचा स्वतंत्र गट आहे. चारही अंगांत सातवी पातळी असलेल्यांना त्यात प्रवेश असतो. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर या गटाचा कटऑफ ३३६ पर्यंत उतरला होता आणि २०२५ च्या मार्चमध्ये तो ३७९ होता. हे आकडे वरखाली होत असतात, त्यामुळे त्यांवर घर बांधू नये, परंतु सर्वसाधारण ड्रॉपेक्षा ही दारे किती खाली आहेत ते त्यांवरून कळते. कारणही सरळ आहे. क्वेबेकबाहेर फ्रेंच बोलणाऱ्यांचे प्रमाण घटत चालले आहे, आणि तिथल्या फ्रेंच शाळा, इस्पितळे व वस्त्या टिकाव्यात म्हणून केंद्र सरकारला तिकडे फ्रेंच येणारी माणसे हवी आहेत. त्यामुळे देशाला आपले द्विभाषिकत्व राखण्यासाठी तुमची फ्रेंच उपयोगी पडते आणि त्याचे मोल तो गुणांत चुकवितो. फ्रेंचमध्ये सातवी आणि इंग्रजीत किमान पाचवी पातळी असेल तर ५० जादा गुण मिळतात, आणि दुसऱ्या भाषेचे म्हणून आणखी १२.

आता तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग, जो तुम्ही शेवटी विचारलात: फ्रेंच कोणी शिकावी? फ्रेंचचा हा सगळा लाभ फक्त मुख्य अर्जदाराच्या परीक्षेवर मिळतो. जोडीदाराच्या एकाच भाषेचे गुण धरतात, तेही जास्तीत जास्त २०. पत्नीने फ्रेंचमध्ये प्रावीण्य मिळविले आणि अर्जात मुख्य म्हणून तुम्हीच राहिलात, तर तिची सगळी मेहनत मांडवीत सोडल्यासारखी होईल. आपल्याकडे नवऱ्याचे नाव पहिले लिहिण्याची सवय आहे. इथे ती महागात पडते.

तिला मुख्य अर्जदार करून पाहा. वयाचे ९५, शिक्षणाचे ११२, इंग्रजीत नववी पातळी धरली तर ११६, दोन जोड्यांचे ७५, तुमच्या पदवीचे १० आणि तुमच्या आजच्या आयईएलटीएसचे १८. एकूण ४२६, म्हणजे तुमच्या सुधारलेल्या बेरजेच्या जवळपास, तेही तुम्ही पुन्हा परीक्षा न देता. त्यात फ्रेंचचे ६२ मिळविले की ४८८. शिवाय परिचारिका आरोग्यसेवेच्या वेगळ्या गटातही येतात, तेव्हा तिच्या नावाने दोन दारे उघडतात, तुमच्या नावाने एकही नाही.

न्यू ब्रन्सविकविषयी थोडे सांगतो, कारण सबंध देशात अधिकृतपणे द्विभाषिक असा हाच एक प्रांत आहे. इथल्या लोकसंख्येत साधारण एक तृतीयांश फ्रेंच भाषक आहेत. सरकारी आरोग्यसेवेची दोन जाळी आहेत: होरायझनचे काम इंग्रजीत चालते आणि व्हितालितेचे फ्रेंचमध्ये, पण रुग्णाला दोन्हीकडे आपल्या भाषेत सेवा मागण्याचा हक्क आहे. मॉन्क्टनच्या इस्पितळात परिचारिका ‘हॅलो, बाँझूर’ म्हणून सुरुवात करते आणि रुग्ण ज्या शब्दाला उत्तर देईल ती भाषा पुढे चालते. दोन्ही भाषा येणाऱ्या परिचारिकेला इथे नोकरीसाठी वणवण करावी लागत नाही. इंग्रजीवर भागते, पण जाहिरातीत ‘द्विभाषिक’ हा शब्द दिसला की आपण पान उलटतो.


सासष्टीकर यांचे उत्तर

वरील हिशेब बिनचूक आहे, परंतु मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. कागदावर फ्रेंचचे ६२ गुण फार गोड दिसतात. ती सातवी पातळी म्हणजे ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत्या युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी-२ असते, आणि ए-१ पासून तिथवर जायला वर्गातले पाचशेहून अधिक तास सहज लागतात. पाळीची नोकरी, सहा वर्षांचे मूल आणि घर सांभाळून हे तास कुठून आणायचे, हा प्रश्न अंत्रुजकरांच्या पत्नीला कोणी विचारला आहे का? मी असे दोन-तीन उत्साही वर्ग पाहिले आहेत, जिथे पहिल्या महिन्यात खुर्च्या कमी पडतात आणि पावसाळा संपेपर्यंत चार डोकी उरतात.

दरम्यान वयाचे गुण थांबून राहत नाहीत. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याचे तिशीनंतर दर वाढदिवसाला ५ गुण जातात. दोन वर्षे फ्रेंचमध्ये गेली तर १० गुण तिथेच खर्ची पडले. म्हणून माझे मत असे की आधी इंग्रजीचा प्रश्न मिटवावा. पत्नीने आयईएलटीएस द्यावी आणि अंत्रुजकरांनी लेखन सुधारावे. जनरलच्या लेखनात एक तासात १५० शब्दांचे पत्र आणि २५० शब्दांचा निबंध लिहायचा असतो, आणि निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन असते. आपली माणसे पहिल्याच पत्रावर अर्धा तास घालवितात, मग निबंध धावतपळत उरकतात आणि ६.५ घेऊन बाहेर येतात. फक्त लेखनाचा पेपर पुन्हा देण्याची जी सोय आयईएलटीएसने काढली आहे, तिचा निकाल कॅनडाचे स्थलांतर खाते स्वीकारत नाही. चारही पेपर नव्याने द्यावे लागतील. संगणकावर टंकलेखनाचा हात असेल तर सेल्पिपचा विचार करावा. तिचे गुण थेट सी.एल.बी.च्या पातळीतच येतात, मात्र संभाषणाला समोर माणूस नसून यंत्राशी बोलावे लागते आणि काहींची जीभ तिथे लुळी पडते.

आणि त्या पॅकेजवाल्याला आधी विचारा की तो कॅनडाच्या परवानाधारक सल्लागारांच्या नोंदवहीत आहे का. ती नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नाव नसेल तर पैसे घेऊन अर्जाबाबत सल्ला देण्याचा त्याला अधिकारच नाही.


अंत्रुजकर

सर्वांचे मनापासून आभार, देव बरें करूं. पत्नीला मुख्य अर्जदार करण्याचा विचार आमच्या डोक्यात आलाच नव्हता. तिने स्वतः हे सगळे वाचले आणि ती सध्या बेरजा तपासत बसली आहे. तिचा प्रश्न असा की बारावीपर्यंतच्या फ्रेंचचा पाया आज कितपत धरावा, आणि परीक्षेत प्रत्यक्ष काय विचारतात. सासष्टीकरांनी विचारलेल्या तासांबद्दल ती म्हणते की रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारचे दोन तास तिला मोकळे मिळतात.


आल्तिन्यावरची शिक्षिका यांचे उत्तर

मी पणजीत अनेक वर्षे फ्रेंच शिकवीत आले आहे, म्हणून एवढ्या भागावरच लिहिते. बारावीच्या फ्रेंचमध्ये व्याकरण बऱ्यापैकी झालेले असते. क्रियापदे चालविता येतात, उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहिता येतात. ऐकणे आणि बोलणे मात्र जवळपास शून्य असते, कारण आपल्या परीक्षेत त्याला जागाच नसते. इतक्या वर्षांनी ती ए-१ च्या शेवटाशी उभी असेल असे मी धरीन, आणि पणजीच्या आलियाँस फ्रान्सेझमध्ये पातळी ठरविण्याची चाचणी देऊन मगच वर्ग निवडावा असे सुचवीन. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करण्यात पैसेही जातात आणि हुरूपही.

पोर्तुगीजचा उपयोग होतो, पण लोकांना वाटतो त्या जागी नाही. वाचताना शब्द ओळखीचे लागतात, नामांचे लिंग साधारण जुळते, भूतकाळाची रचना समजायला सोपी जाते. उच्चारात मात्र ती पायात येते, कारण फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची कितीतरी अक्षरे लिहिली जातात पण बोलली जात नाहीत, आणि पोर्तुगीज कानावर असलेली आपली मुले ती आवर्जून उच्चारतात. पोर्तुगीजच्या नुसत्या ओळखीला अर्जात वेगळे गुण अर्थातच नाहीत.

टेफ कॅनडाच्या संभाषणाचा नमुना सांगते, म्हणजे पातळीची कल्पना येईल. पहिल्या भागात एक जाहिरात हातात देतात, समजा भाड्याच्या घराची किंवा पोहण्याच्या वर्गाची, आणि परीक्षक जाहिरातदार होऊन बसतो. पाच मिनिटे तुम्ही त्याला फोन केल्यासारखे प्रश्न विचारायचे: अनामत किती, पाण्याचे बिल कोणी भरायचे, शनिवारी येऊन पाहता येईल का. तो उत्तरे तुटक देतो, मुद्दाम. दुसऱ्या भागात दहा मिनिटे परीक्षक तुमचा मित्र असतो आणि त्याला एखाद्या गोष्टीसाठी राजी करायचे असते. तो दर वेळी नवी सबब काढतो. ज्या बाईने इस्पितळात नातेवाइकांच्या शंकांना तोंड दिले आहे तिला हा दुसरा भाग जड जाऊ नये, अट इतकीच की शब्द वेळेवर जिभेवर यायला हवेत. लेखनात एका तासात बातमीची सुरुवात देऊन ती किमान ८० शब्दांत पुढे न्यायची असते, आणि वर्तमानपत्राला किमान २०० शब्दांचे मतप्रदर्शनाचे पत्र लिहायचे असते. माझ्या विद्यार्थ्यांची सातवी पातळी बहुधा या पत्रात किंवा श्रवणात हुकते. श्रवणाची ध्वनिफीत एकदाच वाजते.

रोज दोन तास नियमाने दिले आणि आठवड्यातून दोनदा कोणाशी तरी फ्रेंचमध्येच बोलण्याची सोय झाली, तर दीड वर्षात हे साधते. मी ते साधलेले पाहिले आहे. सासष्टीकर म्हणतात तसे गळणारेही पुष्कळ असतात. गळतात ते बहुधा बी-१ च्या मध्यावर, जिथे प्रगती दिसेनाशी होते.


हिवाळ्यातला गोंयकार यांचे पुन्हा उत्तर

सासष्टीकरांचा आक्षेप मला मान्य आहे, फक्त क्रमाविषयी थोडा मतभेद आहे. भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो, आणि तो यादीत नाव घालताना तर चालू असावा लागतोच, पण बोलावणे आल्यावर प्रत्यक्ष अर्ज सादर करण्याच्या दिवशीही असावा लागतो. पत्नीने इंग्रजीची परीक्षा आजच दिली आणि फ्रेंच तयार व्हायला दीड वर्ष लागले, तर हातात जेमतेम सहा महिने उरतात. म्हणून तिने इंग्रजीचा सराव आताच करून ठेवावा, एखादी नमुना चाचणी देऊन नववी पातळी टप्प्यात आहे की नाही एवढे पाहावे, आणि खरी परीक्षा फ्रेंच बी-१ ओलांडल्यावर द्यावी. आरोग्यसेवेच्या गटात नशीब आजमावायचे असेल तर मात्र ती आधी द्यावी लागेल. त्यासाठी फ्रेंच लागत नाही, आणि मधल्या काळात नाव यादीत राहिले तर नुकसान काहीच नाही. तुमचा स्वतःचा निकालही कधी संपतो ते पाहून ठेवा, कारण त्या १८ गुणांचा आधार तोच आहे.

परिचारिका म्हणून काम करण्याचा परवाना ही संपूर्ण वेगळी बाब आहे. तो त्या त्या प्रांताची नियामक संस्था देते, तिच्या भाषेच्या अटी स्वतःच्या असतात, आणि स्थलांतर खात्याला दिलेला जनरलचा निकाल तिथे चालेलच असे नाही. ज्या प्रांतात जायचे त्याच्या संस्थेचे नियम आधी वाचावेत. क्वेबेकमध्ये तर परवान्यासाठी फ्रेंचचे पुरेसे ज्ञान कायद्यानेच लागते, म्हणून मॉन्ट्रियलच्या चुलतभावाचा सल्ला परिचारिकेला दुप्पट गैरलागू आहे.

मुलाविषयी निश्चिंत राहा, त्याला कोणतीही परीक्षा नाही. क्वेबेकबाहेर तो इंग्रजी सरकारी शाळेत जाईल, आणि बहुतेक प्रांतांत फ्रेंच इमर्शन म्हणून वर्ग असतात, जिथे इंग्रजी घरांतील मुलांना बहुतांश विषय फ्रेंचमधून शिकवितात. पुढे नागरिकत्वाच्या वेळी १८ ते ५४ या वयोगटातील अर्जदाराला एका भाषेत, तीही फक्त ऐकण्या-बोलण्यात, चौथी पातळी दाखवावी लागते. तुम्हा दोघांनाही ती आजच आहे.

जाता जाता कागदपत्रांबद्दल. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेला प्रत्येक कागद, मग तो मराठी असो वा जुना पोर्तुगीज, भाषांतर करून जोडावा लागतो, आणि ते भाषांतर अर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने केलेले चालत नाही. तेव्हा आजोबांना त्रास देऊ नका. पहिले काम म्हणून दोघांच्या पदव्यांच्या मूल्यमापनासाठी लागणाऱ्या गुणपत्रिकांकरिता विद्यापीठाकडे अर्ज करा. गुणपत्रिका पाकीटबंद होऊन निघायला वेळ लागतो, आणि फ्रेंचचा वर्ग चालू असताना ते काम मागे आपोआप होत राहील.